नव्या ऑइलचा रंग

गेल्या आषाढात एका स्प्लेंडरचं ऑइल बदललं, गाडी डबल स्टँडवर सरळ उभी केली, ऑइल मोजायची काडी बुडवून पाहिली आणि भाच्याला म्हणालो, "फुल आहे. लाव झाकण." भाचा आयटीआय करून वर्षभरापूर्वी माझ्या गॅरेजमध्ये आलाय. सांगितलं की लगेच करणारा पोरगा. त्या दिवशी मात्र तो जागचा हलला नाही. काडी माझ्या हातातून घेतली, फडक्यानं पुसली, पुन्हा बुडवली आणि दारात उजेडाला नेऊन पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानासमोर धरली.

"मामा, खालच्या खुणेच्याही खाली आहे."

मी पुन्हा पाहिलं. मला वरच्या खुणेपर्यंत ओल दिसत होती. त्यानं काडी फिरवून दुसरी बाजू दाखवली. ती कोरडी होती, असं तो म्हणाला. मला ती बाजूही ओलीच वाटली. गिऱ्हाईक बाकड्यावर चहा पीत बसलं होतं, त्याच्यापुढे वाद नको म्हणून मी गप्प राहिलो. भाच्यानं डब्यातलं उरलेलं ऑइल हळूहळू ओतलं, गाडी दोन मिनिटं चालवली, बंद केली, थांबला आणि मगच झाकण लावलं. रात्री शटर ओढताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

नवं ऑइल काडीवर दिसत नाही, हे या धंद्यातलं खरं दुखणं आहे. जुनं काळं ऑइल कुणालाही दिसतं. नवं ऑइल स्वच्छ असतं, काडी चकचकीत असते, लोखंडाची चमक कुठली आणि तेलाची कुठली हे कळत नाही. त्यात आपण नुकतंच ज्या भोकातून ऑइल ओतलं त्याच भोकातून काडी घालतो. आट्यांना लागलेलं ऑइल काडी वर येताना तिला पुसलं जातं. एका बाजूला ओघळ वरपर्यंत जातो, दुसरी बाजू खरं बोलते. म्हणून दोन्ही बाजू बघायच्या आणि जी कमी दाखवते ती खरी धरायची. हे मीच भाच्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

त्यानं तेव्हा विचारलेला प्रश्नही आठवतो. "मामा, आटे लावून मोजायचं की नुसती टेकवून?" स्प्लेंडरला नुसती टेकवायची. आटे फिरवून काडी आत बसवली तर ती जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. काही गाड्यांना आटे लावूनच मोजायचं असतं, कंपनीच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. पुस्तिका गिऱ्हाइकाच्या कपाटात पडलेली असते. पल्सरला काचेची खिडकी आहे, तिथे काडीचा प्रश्नच नाही; पण गाडी साइड स्टँडवर असेल तर खिडकीही फसवते. गाडी सरळ हवी, जमीन सपाट हवी, इंजिन चालवून बंद केलेलं हवं आणि वर गेलेलं ऑइल खाली उतरायला दोन-तीन मिनिटं द्यायला हवीत. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते थांबणं.

बुलेटनं मला ते पहिल्यांदा शिकवलं. मी मिरजेत उस्तादांकडे कामाला लागलो तेव्हा लोखंडी सिलेंडरच्या बुलेट होत्या. त्या इंजिनाचं ऑइल त्याच्याच पोटातल्या वेगळ्या कप्प्यात असतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, क्लचच्या चेनकेसचं वेगळं. गाडी महिनाभर उभी राहिली की कप्प्यातलं ऑइल हळूहळू झिरपून खाली क्रँकच्या खोलीत उतरतं. मग काडी बुडवा, ऑइल नाहीच असं दिसतं. तासगावकडच्या एका बागायतदाराची गाडी अशीच द्राक्षाच्या हंगामात उभी राहिली होती. त्यांच्या मुलानं काडी बघितली आणि अर्धा लिटर ऑइल वरून ओतलं. किक मारल्यावर खालचं ऑइल वर आलं, ब्रीदरच्या नळीतून बाहेर उडालं, मागच्या चाकावर, मडगार्डवर, त्याच्या पॅन्टवर. पोरगा घाबरून गाडी ढकलत घेऊन आला. उस्तादांनी मला बोलावून सांगितलं, "बुलेटला आधी जागं कर, मग मोज." नंतर कितीतरी बुलेट हाताखालून गेल्या. पाच मिनिटं इंजिन चालवल्याशिवाय मी एकीचंही ऑइल मोजलं नाही. २००८-०९ नंतरच्या नव्या बुलेटच्या इंजिनात ही भानगड उरली नाही, त्यांना खिडकी आली.

बुलेटला मी इतकं जपलं आणि स्प्लेंडरला गृहीत धरलं, हे मला आता बोचतं. रोज दहा यायच्या. लिटरच्या आतबाहेर ऑइल, तेच इंजिनाला, तेच गिअरला, तेच क्लचला. एवढ्याशा ऑइलवर घरातला कर्ता माणूस ड्युटीला जातो, दूध घालायला जातो, पोरीला क्लासला सोडतो. ऑइल कमी झालं की पहिला फटका वर हेडमध्ये बसतो. कॅम सगळ्यात उंचावर, ऑइल तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. चढावर, खड्ड्यात, ब्रेकला ऑइल हलतं, पंप हवा ओढतो आणि वर कॅम कोरडा फिरतो. आधी बारीक टकटक येते. मालकाला वाटतं टॅपेट ढिला झाला.

या गाड्यांनीच लोकांना ऑइल विसरायला लावलं असं माझं मत आहे. मी शिकलो तेव्हा राजदूत होती, येझदी होती, १९८५ ला आरएक्स १०० आली. राजदूत-येझदीत टूटी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं, माप चुकलं तर धूर नाहीतर पिस्टन जाम. आरएक्सला वेगळी टाकी, ती रिकामी झाली की संपलं. त्यामुळे ऑइल दर आठवड्याला माणसाच्या समोर असायचं. त्याच १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आली आणि टाकी भरा, बंद करा, विसरून जा अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. गाडी उत्तम होती, आजही कुणी आणली तर आनंदानं उघडतो. पण लोक पेट्रोलबरोबर ऑइलही विसरले. ते इंजिनाच्या पोटात गेलं ते नजरेआड गेलं, आणि आम्हा फिटर लोकांच्या शब्दावर आलं. आम्ही 'ठीक आहे' म्हटलं की ते ठीक.

शोरूमवाल्यांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तिथे यंत्रातून मोजून ऑइल पडतं, माप चुकत नाही. पण जुनं ऑइल पूर्ण निथळायला किती वेळ दिला? घाईत ड्रेन बोल्ट लावला तर जुनं आत राहतं, त्यावर मोजून नवं टाकलं की जास्त होतं. जास्त ऑइलही वाईट. फेस येतो, ब्रीदरमधून एअर फिल्टर भिजतो, गाडी जड चालते. पंपाशेजारी टेबल मांडून ऑइल बदलून देणाऱ्यांविषयी तर मी बोलतच नाही. कारचं स्वस्त ऑइल मोटरसायकलमध्ये ओततात, महिन्याभरात क्लच सरकायला लागतो आणि गिऱ्हाईक प्लेटा बदलायला माझ्याकडे येतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलंय का एवढं बघितलं तरी प्लेटा वाचतील. रिकामा डबा मी खिळ्यानं फोडूनच टाकतो. भंगारातून चांगले डबे परत कुठे जातात ते मला माहीत आहे.

हे सगळं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आलो. काडी पुसायची, बुडवायची, थांबायचं, उजेडात बघायचं, हे शिकवणारा मीच. पण गिऱ्हाइकासमोर मात्र मी थांबायचं सोडलं होतं. केव्हा सोडलं ते सांगता येणार नाही. "यांना काडी बघायचीसुद्धा गरज नाही, बोटानं सांगतात," असं एकजण एकदा दुसऱ्याला म्हणाला होता. ते मला आवडलं. फार आवडलं. दोनदा काडी बुडवली तर लोकांना वाटेल याला खात्री नाही, म्हणून मी एकदाच बुडवायला लागलो. नुसती नजर टाकून 'फुल' म्हणायला लागलो. बोटावर ऑइल चोळून किती हजार किलोमीटर झाले ते सांगायचो आणि चार लोक बघतायत हेही बघायचो.

आषाढातल्या त्या प्रकारानंतर महिनाभरानं मिरजेला डोळे दाखवले. दोन्हीकडे मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं, पिवळसर होत जातं, आणि ते इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं, डाव्याचं नंतर. पट्टी निघाल्यावर दवाखान्याची भिंत मला निळसर वाटली. ती पांढरी होती.

गॅरेजला पहिल्या दिवशी आलो आणि ऑइलचा नवा डबा उघडून काचेच्या ग्लासात थोडं ओतलं. मधासारखं, किंचित तांबूस. ग्लास उजेडात धरून बराच वेळ बघत राहिलो. हा रंग मी कित्येक वर्षं पाहिलाच नव्हता. पिवळ्या भिंगातून पिवळं ऑइल चकचकीत काडीवर मला कसं दिसणार होतं? मला दिसायची ती चमक. ती काडीवर ऑइल असो नसो, असतेच.

काळ्या किंवा गढूळ ऑइलबद्दलचा माझा अंदाज तेवढा चुकला नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्या आठवडे रांगेनं येत होत्या. काडी वरच्या खुणेच्याही वर आणि ऑइल दुधाच्या चहासारखं. एकालाही किक मारू दिली नाही. प्रत्येक इंजिन दोनदा-तीनदा नव्या ऑइलनं धुतलं. ते दिसायला सोपं होतं. गढूळ डोळ्यालाही दिसत होतं. न दिसणारं होतं ते स्वच्छ ऑइल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांच्या स्प्लेंडरचं ऑइल मी बदललं होतं. थोड्या महिन्यांनी टकटक घेऊन आले. हेड उघडलं तर कॅम खाल्लेला, रॉकर खाल्लेले. काडीला ऑइल लागत नव्हतं. मी त्यांना म्हणालो, "मास्तर, ऑइलकडे लक्ष दिलं नाही तुम्ही." ते ओशाळले. म्हणाले, "चूक झाली खरी." पूर्ण बिल दिलं आणि वर माझे आभार मानून गेले. गाडीला धूर नव्हता, कुठे गळती नव्हती, रिंगा चांगल्या होत्या. ऑइल गेलं कुठे हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी त्या दिवशी डब्यात शिल्लक ठेवून 'फुल' म्हटलं असेल का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मला मात्र तसंच झालं असावं असं वाटतं.

गेल्या रविवारी मास्तरांच्या घरी जाऊन हे सांगितलं आणि कॅम-रॉकरचे पैसे टेबलावर ठेवले. त्यांनी ते घेतले नाहीत, मी उचलले नाहीत. पैसे तिथेच राहिले.

मास्तर एकटे नसणार. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे ज्यांनी ऑइल बदललं आणि पुढे ज्यांच्या इंजिनातून वरून आवाज यायला लागला, त्यांनी गाडी घेऊन यावं. पैसे घेणार नाही. गॅरेज जुन्याच जागी आहे. घाई नसेल अशा वेळी या. काडी मी बघेन आणि माझ्यानंतर भाचा बघेल.