उभा राहिलेला गडी

मागच्या चैत्रात जत्रेच्या कुस्त्या पाहायला आम्ही तिघे बसलो होतो. मध्ये आजोबा, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ऊसतोडीहून नुकताच परतलेला माझा चुलतभाऊ. हलगी कडाडत होती. एका जोडीत ऐन रंगात एकाचा लंगोट सैल झाला. दुसऱ्याने त्याचा पट काढलेलाच होता. ओढ घेतली असती तर कुस्ती तिथेच निकाली! पण त्याने हात सोडला, दोन पावले मागे सरला आणि पंचांकडे न पाहताच थांबला. समोरच्याने लंगोट आवळला आणि पुन्हा हाताला हात भिडला.

मी विचारले, "आबा, असा नेम हाय का?"

"नेम कशाला लागतोय रं? गडी उभा ऱ्हायला की आपुन थांबायचं."

मी मान खाली घातली. का, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या पाटोद्याला कुस्ती नवी नाही. इथल्याच राहुल आवारे यांनी २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्या कुस्तीचे नियम छापलेले असतात. ते मोडणाऱ्याला शिक्षा होते. २०२५ साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचाला लाथ मारणाऱ्या मल्लावर तीन वर्षांची बंदी आलीच. पण जत्रेच्या मातीत आणखी एक कायदा चालतो. तो कोणी लिहिलेला नाही. तो मोडला तर शिक्षाही नाही. मग तो पाळायचा कोणासाठी?

माझा आखाडा मात्र मातीचा नव्हता, तळहाताएवढा होता. आमच्या गुरुजनांना फ्री फायर मॅक्स हा मोबाईलवरचा खेळ कदाचित ठाऊक नसेल. त्यात दोघांनीच समोरासमोर लढायचीही सोय आहे. दिवाळीच्या आसपास दादा टोळीबरोबर कारखान्यावर गेला, की आमची भेट तिथेच व्हायची. तो दिवसभर उसाच्या फडात; रात्री कोपीबाहेर बसून खेळायचा. मी इथे पुस्तक मिटून खेळायचो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. दादाची शाळा मात्र सातवीतच सुटली, त्या फडापायीच.

आमचेही काही नेम ठरून गेले होते. सुरुवातीला दोघांनी समोर येऊन दोनदा खाली बसायचे. ती आमची सलामी. हत्यार एकच, साधे पिस्तूल. गोळी अडवणारी भिंत उभी करायची नाही. हरता हरता खेळ सोडून पळायचे नाही. आणि कोणाचे नेट गेले, गडी जागच्या जागी थिजला, तर दुसऱ्याने खाली बसून वाट पाहायची. यातले काहीही कंपनीने सांगितलेले नव्हते. खेळ तर थिजलेल्या गड्याला मारले तरी गुण देतोच!

पाटोद्यात वीज गेली की माझे नेट बऱ्याचदा जाई. परत येऊन पाहावे, तर दादाचा गडी समोर निमूट बसलेला.

पौषातल्या एका रात्री आम्ही पैज लावली. हरेल त्याने दुसऱ्याच्या मोबाईलला अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज मारायचा. माझा संपत आला होता. शेवटच्या फेरीत दोघे बरोबरीत असताना दादाचा गडी उघड्यावर एकदम उभा राहिला. हलेना, डुलेना. मी क्षणभर थांबलो. मग मनात आले, नेट गेले की मुद्दाम उभा आहे, कोण सांगणार? पंच थोडाच आहे? आणि बोट दाबले.

थोड्या वेळाने त्याचा निरोप आला, "जिंकलास की." सकाळी रिचार्ज आला. जिंकल्याचा आनंद मात्र आला नाही.

दोन दिवसांनी पुन्हा खेळायला बसलो. त्याने नेहमीसारखी सलामी दिली. अर्ध्यात आमच्याकडची वीज गेली. परत आलो, तर त्याचा गडी समोर बसलेलाच होता. त्याने गोळी घातली असती तर बरे, असे वाटले.

जत्रेत आबांचे ते वाक्य ऐकल्यावर मला राहवले नाही. घरी परतताना दादाला सगळे सांगून टाकले.

"मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "गाडी भराया मुकादमानं हाक मारली. मोबाईल तसाच खाली ठिवला व्हता."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोलून काय करू? तू रुसला असतास, तर तिथं खेळाया मला दुसरं हाय कोन?"

मी पंच नाही म्हणून गोळी घातली होती. तो जोड तुटेल म्हणून गप्प राहिला होता. न लिहिलेला नेम कोणासाठी पाळायचा, ते मला त्या वाटेवर कळले. समोरचा गडी उद्याही समोर यावा, यासाठीच तो असतो.

यंदा दसऱ्यानंतर दादा पुन्हा गेला. जाण्याआधी मी त्याच्या मोबाईलला रिचार्ज मारला. त्याने विचारले, "ह्यो कशाचा?"

"हरलो व्हतो," मी म्हणालो.