काट्याला न कळणारं वजन

बॅट घेताना आपण काट्यावरचा आकडा बघतो. पण शॉट मारताना मनगटाला जाणवतं ते वेगळंच: मोमेंट ऑफ इनर्शिया. म्हणजे वस्तुमान हातापासून किती लांब पसरलंय, त्याचा हिशोब.

आता बॅटच्या त्या फुगीर पाठीचं इंटिग्रेशन कोण करत बसणार? सोपं आहे, झुलवा!

भाच्याकडे दोन बॅटी होत्या, दोन्ही १.२ किलो. एकीने त्याचा पुल हमखास उशिरा यायचा, आणि सिलेक्शन तोंडावर. हँडलच्या टोकाला लांब खिळा आडवा बांधला, दोन खुर्च्यांवर टेकवला, बॅटला हलकासा झोका दिला. २० झोके मोजले, कारण सूत्रात वेळेचा वर्ग येतो. घड्याळाची चूक तिथे दुप्पट होते. बोटावर तोलून गुरुत्वमध्य काढला. मग वस्तुमान × ९.८ × खिळ्यापासून गुरुत्वमध्याचं अंतर × एका झोक्याच्या वेळेचा वर्ग, भागिले ३९.५.

पहिली: ५० सेंमी, ३१ सेकंद, उत्तर ०.३६.
दुसरी (तीच ती!): ५३ सेंमी, ३१.५ सेकंद, उत्तर ०.३९.

वजन सारखं, पण फिरवायला जवळजवळ नऊ टक्के जड. पोरगं बहाणे करत नव्हतं तर!

तेव्हा मंडळी, पुढची बॅट घ्याल तेव्हा दुकानातच एकदा झुलवून बघा. दुकानदार वेडा समजेल. समजू दे.