आईच्या अंगातली देवी

हलगी कडाडली, की आमची आई डोलू लागे. पौषातल्या यात्रेत पालखी देवळापुढे आली आणि हलगीवाले जवळ सरकले, की तिचा तोल एका अंगाला जाई, डोळे फिरत, ती शेजारणीचा खांदा घट्ट धरी. बायका लगेच म्हणत, "आली गं, आली!" मळवट भरला जाई, ओटी भरली जाई. वर्षभर जिच्याशी बांधावरून भांडण चाले ती चुलतीही पाया पडे. लहानपणी मला याचा अभिमान वाटे. कॉलेजात आल्यावर लाज वाटू लागली. खोटे कशाला बोलू? एकाही मित्राला मी यात्रेला बोलावले नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दोन पुस्तके वाचून माणसाला जो ताठा येतो तो मलाही आला होता. गेल्या वर्षी यात्रेहून परतताना मी आईला सरळ म्हणालो, "आई, हे सोंग आता पुरे कर." बरीच वाट ती गप्प चालली. मग म्हणाली, "सोंग न्हाई रं बाबा. जमीनच कलती. पिठाच्या गिरणीत उभी ऱ्हायले तरी कलती. तितं कुठली आलीया देवी?"

ते वाक्य मनात घोळत असतानाच यंदा मानसशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर आतला कान काढला. ऐकण्यासाठी शंखासारखे वेटोळे. त्याला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन इवल्या पिशव्या. मी उठून विचारले, "सर, एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे, मग एकाचा आवाज दुसऱ्याला जात नाही?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले.

जातो म्हणे! त्यातल्या एका पिशवीने, सॅक्यूलने, पुष्कळ मासे ऐकतात. सस्तन प्राण्यांना ऐकायला शंख मिळाला, तरी पिशवीची जुनी खोड पुरती गेली नाही. 1994 साली मांजरांवरच्या प्रयोगांत तिच्या मज्जातंतूंनी मोठ्या आवाजाला प्रतिसाद दिलेला आढळला. मँचेस्टरच्या टॉड आणि कोडी यांनी 2000 साली दाखवले, की सुमारे 90 डेसिबलच्या वरचे ठेकेदार संगीत माणसातही हे तोलाचे इंद्रिय जागे करते. मिरवणुकीत आपले पाय आपोआप उचलतात त्यात हिचाही वाटा असेल, असा त्यांचा तर्क.

पण सगळे कुठे कलतात? त्याचे उत्तर दिवाळीच्या सुटीत जिल्ह्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे मिळाले. (त्याआधी एकाने अशक्तपणा म्हणून दोन वर्षे टॉनिक पाजले होते.) त्यांनी आईच्या डाव्या कानात यंत्रातून मोठा सूर सोडला आणि मला म्हणाले, "डोळे बघ." आई समोर टक लावून बसली होती, आणि तिची बुबुळे हळूच वर सरकली, किंचित पिळल्यासारखी. सूर थांबला, परत जागेवर आली. माझ्या अंगावर काटा आला. याला मी सोंग म्हणालो होतो!

वरच्या नळीवर हाडाचे पातळ झाकण असते, तेथे आईला फट आहे. आवाजाचा दाब त्या वाटेने निसटतो, नळीतला द्रव हलतो, आणि मेंदूला वाटते डोकेच फिरले. इटलीतल्या तुल्लिओ यांनी कबुतरांच्या नळ्यांना भोके पाडली होती. आवाज केला की कबुतरे मान वळवीत. हे 1929 साली प्रसिद्ध झाले. माणसातली फट मात्र 1998 साली बाल्टिमोरच्या लॉइड मायनर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखली. तोवर अशा कितीजणांना वेडे किंवा देवाचे ठरवले गेले असेल, कोण जाणे.

शस्त्रक्रियेने फट बुजवता येते. आई म्हणते, "ऊस जाऊ दे, मग बघू."

मी मात्र मोठ्या हौसेने सगळ्या भावकीला कागदावर चित्र काढून समजावले. यंदाच्या यात्रेत आई कानात बोळे घालून लांब पिंपळाखाली उभी राहिली. पालखी आली, गेली. मळवट भरायला कोणी आले नाही. रात्री भाकरी थापता थापता ती म्हणाली, "यंदा चुलती बोलली न्हाई बघ."