खैरलांजीचं अपील आणि 'कारणावरून' हा एक शब्द

खैरलांजीचं नाव काढलं की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "किती दिवस तेच उकरता, जिल्ह्याची बदनामी होते." दुसरे दर २९ सप्टेंबरला फोटो टाकून अभिवादन करतात. पण दोघांनाही विचारा की अपिलात नेमकं काय झालं, तर बहुतेक जण गडबडतात. कुणी सांगतो सगळे सुटले, कुणी सांगतो फाशी झाली. दोन्ही खरं नाही. म्हणून ही पोस्ट लिहितोय. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी घटना थोडक्यात. ३ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबाच्या ओळखीतल्या एका पोलीस पाटलाला मारहाण झाली. त्या केसमध्ये सुरेखाताई आणि त्यांची मुलगी प्रियंका साक्षीदार होत्या. त्यांनी पोलिसांना नावं सांगितली. २९ सप्टेंबरला त्या केसमधले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर गेला. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर, चौघांनाही मारलं, मृतदेह कालव्यात टाकले. भैयालाल तेवढे वाचले. पहिल्या शवविच्छेदनावर इतके प्रश्न आले की मृतदेह उकरून दुसऱ्यांदा करावं लागलं. महिनाभर बाहेरच्या जगाला फारसा पत्ता नव्हता. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे तपास सीबीआयकडे गेला.

आता कोर्टाचं. अकरा जणांवर खटला चालला. १५ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, तिघांना सोडलं. २४ सप्टेंबरला शिक्षा सुनावली: सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप.

सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील नाही केलं तरी फाईल तिकडे जातेच. त्याप्रमाणे प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं. १४ जुलै २०१० ला निकाल आला. खुनाचा दोष कायम राहिला, फाशी रद्द झाली आणि तिच्या जागी २५ वर्षांची कैद आली. म्हणजे आरोपी सुटले नाहीत. आठही जण खुनी ठरले, ते दोन्ही कोर्टांत.

फाशी का रद्द केली यावर तेव्हा खूप भांडण झालं. टीव्हीवर, मोर्चात, चहाच्या टपरीवर तोच विषय. माझं म्हणणं वेगळं आहे. फाशीनं भैयालालचं घर परत येणार नव्हतं. मला बोचतं ते निकालातलं दुसरं कलम, ज्यावर त्या मानानं कमी बोललं गेलं. अॅट्रॉसिटी कायद्याखाली एकही जण दोषी ठरला नाही. भंडाऱ्यातही नाही, नागपुरातही नाही. कोर्टाचं म्हणणं असं की हे जुन्या केसच्या रागातून, बदल्यासाठी झालं. जातीच्या कारणावरून नाही. बायकांच्या विनयभंगाचा आरोपही टिकला नाही.

कोर्टापुढे तेव्हाचा कायदा होता हे मान्य. त्या कायद्यात शब्द होता 'कारणावरून'. म्हणजे मारलेला माणूस अनुसूचित जातीचा आहे या कारणावरून गुन्हा झाला, हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचं. आता मनातलं कारण सिद्ध कसं करायचं? बचाव पक्षाला एवढंच दाखवायचं असतं की दुसरंही कारण होतं. आणि गावात दुसरं कारण कधी नसतं का? धुऱ्याचं भांडण असतं, पांदणीचं असतं, पाण्याचं असतं. भोतमांगेंच्या शेतातून रस्ता काढण्यावरूनही वाद होताच.

मी इथल्याच खेड्यात वाढलो. धुऱ्यावरून काठ्या उगारलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. धान कापणीच्या दिवसांत असं एखादं भांडण ठरलेलंच. पण तिथं कुणाच्या घरावर अख्खा जमाव गेलेला पाहिला नाही. कारण समोरच्याच्याही मागे भावकी असते, सोयरे असतात, ग्रामपंचायतीत माणूस असतो. मोजकी घरं असलेल्या वस्तीच्या मागे कोण असतं? राग कशाचाही असो, तो कुणावर किती काढता येतो हे जात ठरवते. साक्ष दिली म्हणून राग आला, हे मान्य करू. पण साक्षीदार गावातल्या मोठ्या घरची बाई असती, तर तिच्यासकट लेकरांना संपवायची हिंमत झाली असती का? या प्रश्नाचं उत्तर गावात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुढे संसदेलाही हे पटलं म्हणायचं. कायद्यात दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. गंभीर गुन्ह्यांच्या त्या कलमातून 'कारणावरून' गेलं आणि 'माहीत असताना' आलं. शिवाय आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं कोर्टाने गृहीत धरायचं. नव्हती, हे आरोपीनं सिद्ध करायचं. गावात कोण कुणाला ओळखत नाही हो? साक्षीदारांच्या संरक्षणाचं वेगळं कलमही त्याच दुरुस्तीत आलं. खैरलांजीला मात्र यातलं काही लागू झालं नाही. पीडिताच्या कुटुंबाला निकालाविरुद्ध स्वतंत्र अपिलाचा हक्कसुद्धा ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला, भंडाऱ्याचा निकाल लागून वर्ष उलटल्यावर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २० जानेवारी २०१७ ला भैयालाल नागपुरात वारले.

हे जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०३ मध्ये जमावानं केलेल्या खुनासाठी नवीन तरतूद आहे: पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, भाषा अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. तरतूद चांगली आहे. पण शब्द बघा, पुन्हा 'कारणावरून'. उद्या अशी केस उभी राहिली की बचाव पक्ष पुन्हा तेच म्हणणार, जातीचं काही नाही, शेतीचा वाद होता.

म्हणून आपल्या भागातल्या कार्यकर्त्यांना आणि नव्या वकील मुलामुलींना एक सांगणं आहे. अशी घटना घडली की मोर्चाच्या आधी फिर्याद वाचा. काय शिव्या दिल्या, आधी कधी अडवलं, कुठली तक्रार पोलीस ठाण्यात पडून होती, हे पहिल्या जबाबात आलंय का ते बघा. अॅट्रॉसिटीचं कलम लावलंय का, तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का, साक्षीदाराला संरक्षण मागितलंय का, हे विचारा. अपिलात वकील कितीही मोठा असला तरी पहिल्या आठवड्यात जे कागदावर आलं नाही, ते नागपूर-दिल्लीत उभं करणं फार कठीण जातं.

आणि साक्षीदाराला एकटं सोडू नका. सुरेखाताई आणि प्रियंकानं आपल्या माणसाला मारताना पाहिलं आणि तसं पोलिसांना सांगितलं. कायदा नागरिकाकडून हेच मागतो. आज तुमच्या गावात कुणी असं सांगायला उभं राहिलं, तर त्या घरी संध्याकाळी कोण जाऊन बसणार आहे, ते आत्ताच ठरवा.