दोन सुरांची धून

जानेवारीतली सकाळ, सात वाजून दहा मिनिटं. न्यू जर्सीत अजून नीट उजाडलेलंही नसतं. शाळा भरायला तासभर अवकाश असतो, पण बँडच्या खोलीत दिवे लागलेले असतात. मुलं येतात, हातमोजे काढतात, पेट्या उघडतात. गाडीच्या डिकीत पडून आलेलं पितळ गारठलेलं असतं आणि गारठलेलं वाद्य सुरात उतरलेलं लागतं. म्हणून पहिली पाच मिनिटं आम्ही काहीच वाजवत नाही. सगळे आपापल्या वाद्यात नुसती ऊब फुंकत बसतात. बावीस मुलांच्या श्वासाचा तो आवाज मला फार आवडतो.

ही सहावी ते आठवीतली मुलं. वाद्य हातात घेऊन कोणाला एक वर्ष झालेलं, कोणाला दोन. जॅझचा मोठा बँड म्हणजे पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम्स, असा पुस्तकी हिशेब आहे. माझ्याकडे सात ऑल्टो सॅक्स, टेनर एकच, बॅरिटोन नाहीच; ट्रंपेट तीन, ट्रॉम्बोन दोन, क्लॅरिनेट चार, एक पियानोवर, एक बासवर आणि ड्रम्ससाठी तिघं रांगेत. मोठ्या बँडमध्ये क्लॅरिनेटला वेगळी जागा नसते, पण ज्याला सकाळी सातला यावंसं वाटतं त्याला मी परत पाठवत नाही. या सगळ्यांना वर्षभर काय वाजवायला द्यायचं, हे मी ऑगस्टमध्ये ठरवतो. अख्खं वर्ष त्या एका निवडीवर उभं राहतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं आणि फार वाईट रीतीने कळलं.

त्या वर्षी मी ‘इन द मूड’ निवडलं. ग्लेन मिलरच्या ऑर्केस्ट्राची 1939 ची रेकॉर्ड, साऱ्या जगाच्या ओळखीची. मुलांच्या आजी-आजोबांना आनंद होईल, मुलांनाही काहीतरी मोठं वाजवल्यासारखं वाटेल, असा विचार होता. नवशिक्यांसाठी सोपी केलेली प्रत मिळाली. पहिल्या ट्रंपेटचा आणि पहिल्या ऑल्टोचा कागद पाहिला. स्वर फार उंच नव्हते, बोटांना अवघड काही नव्हतं. मागवून टाकली.

कागद सोपा होता, पण गाणं सोपं नव्हतं. त्याच्या शेवटी एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी आणखी हळू, जवळजवळ ऐकू येईनासा होईपर्यंत, आणि मग एकदम सगळा बँड उसळतो. रेकॉर्डवर ऐकताना अंगावर काटा येतो. पण हळू वाजवणं ही नवशिक्यांसाठी सगळ्यांत कठीण गोष्ट. आवाज कमी करायला गेलं की श्वास तुटतो, श्वास तुटला की सूर पडतो. शिवाय रेकॉर्डची लय पळती. आम्ही ती उतरवली तर गाणं जड झालं, पाय ओढत चालल्यासारखं.

पण खरं नुकसान मी न पाहिलेल्या कागदावर झालं. दुसऱ्या ट्रॉम्बोनला सहा बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे सहा तुकडे, गप्प बसायचं, मग दोन लांब स्वर, पुन्हा गप्प, मग ठोक्याच्या मधोमध एक आघात, एवढंच काम होतं. ते वाजवणारी मुलगी अकरा वर्षांची. डिसेंबरच्या कार्यक्रमात तिचा तो आघात एक ठोका आधी आला, नेमका सगळे गप्प असताना. सभागृहात तो एकच सूर. कोणी हसलं नाही. पण पुढची दोन पानं ती स्लाइड हलवत होती आणि फुंकत नव्हती, हे मला समोरून दिसत होतं.

जानेवारीत मी तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, “मी वाजवलं नाही, की चुकत नाही.”

त्या रात्री मला धोबीतलावचे माझे सर आठवले. मी गिरगावात वाढलो आणि ट्रंपेट शिकलो एका गोवेकर मास्तरांकडे. तरुणपणी ते हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवायचे आणि पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. मुंबईत जॅझ आलं ते असंच, हातातून हातात. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा बँड ताजमध्ये आला, मग टेडी वेदरफर्ड आले. या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचं ऐकून, त्यांच्या शेजारी बसून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. त्यांतलेच चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांबरोबर काम करायला लागले. 1951 च्या ‘अलबेला’त आपण सगळ्यांनी जो स्विंग ऐकला, त्यामागे ही माणसं होती. सर ही हकीकत घरच्या माणसांची सांगावी तशी सांगायचे. पण पहिले दोन महिने त्यांनी मला एकही कागद दाखवला नाही. “कागद मागाहून, बाबा. आधी म्हण. तोंडातून येत नाही ते पितळेतून कुठून येणार?”

मी मुलांना आधी कागद दिला होता.

फेब्रुवारीत सगळे स्टँड भिंतीला लावून ठेवले आणि ड्यूक एलिंग्टनचं ‘सी जॅम ब्लूज’ ऐकवलं. 1942 ची रेकॉर्ड. या धुनेत स्वर दोनच आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर पंचम आणि वरचा षड्ज. पंचमावर घुटमळत राहायचं आणि शेवटी षड्जावर उडी घ्यायची. चार बारांचं हे वाक्य तीनदा येतं, एका स्वराचाही फरक न होता. खालची साथ मात्र बदलत जाते, त्यामुळे तेच वाक्य तिन्ही वेळा निराळं लागतं. पहिल्यांदा सांगितल्यासारखं, दुसऱ्यांदा विचारल्यासारखं, तिसऱ्यांदा पटल्यासारखं. माझ्या आईचा तंबोरा आता फोनमध्ये असतो, पण सूर तेच, एक पंचम आणि तीन षड्ज. तेवढ्यावर माणूस जन्मभर गातो. एलिंग्टननी तेवढ्यात अख्खं गाणं बांधलं आहे.

आम्ही ते आठवडाभर नुसतं गायलो. मग वाद्यं घेतली. कागद नव्हताच, त्यामुळे ज्याने त्याने आपले दोन सूर शोधले. अडचण आली ती क्लॅरिनेटची. त्यांच्या वाद्यावर या दोन सुरांच्या मध्येच एक अवघड सांधा येतो. खालचा सूर जवळपास सगळी भोकं उघडी ठेवून, वरचा जवळपास सगळी मिटून. नवी मुलं तिथे हमखास अडखळतात. त्या चौघांना मी एक सप्तक खाली आणलं आणि अडचण मिटली. कागद असता तर त्या चौघांनी वर्षभर स्वतःलाच दोष दिला असता.

मग बारा बारांचं आवर्तन. ब्लूज म्हणजे मुळात हा बारांचा हिशेब. पहिले चार बार घरच्या सुराची साथ, पाच-सहा मध्यमाची, सात-आठ परत घरी, नवव्याला पंचम, दहाव्याला मध्यम, शेवटचे दोन घरी. फळ्यावर लिहिलं तर मुलं पाठ करतात आणि वाजवताना विसरतात. म्हणून मी त्यांना उभं केलं. घरची साथ चालू असताना फळ्याकडे तोंड, मध्यम आला की खिडकीकडे, पंचम आला की दाराकडे. पियानोवरच्या मुलीने साथ धरली आणि एकवीस मुलं खोलीत वळायला लागली. पहिल्या दिवशी एकमेकांवर आपटली. चौथ्या दिवशी डोळे मिटून वळत होती. पुढे कोणी हरवलं तर शेजारचा कानात एवढंच पुटपुटायचा, “खिडकी.”

स्विंगचं झोकदारपण कागदावर येतच नाही. लिहिलेले दोन अर्धे ठोके दिसायला सारखे असतात, पण वाजवताना पहिला ऐसपैस आणि दुसरा आखूड, मागचा पुढच्याला ढकलणारा. ड्रमवाल्याची मोठी थाळी बोलते, डिंग, डिंग-अ-डिंग, आणि पायाखालची हाय-हॅट मिटते दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला. मला इथे स्वतःशी झगडावं लागलं होतं. आपण समेवर वाढलेली माणसं, हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो. जॅझमध्ये अंग दुसऱ्या-चौथ्यावर डोलतं. सरांनी माझी टाळी सुधारायला एक पावसाळा घेतला. म्हणून मुलांना मी चालायला लावतो, पाय चारही ठोक्यांवर आणि टाळी दोन-चारवर. लय मिनिटाला 120 च्या आसपास. त्याहून खूप जलद गेलं की दोन अर्ध्यांमधला फरक आपोआप मिटत जातो, आणि खूप संथ गेलं की दोन ठोक्यांमधली मोकळी जागा मुलांना धरवत नाही. नील हेफ्टींचं ‘लिल डार्लिन’ काउंट बेसीच्या बँडने जितकं संथ वाजवलं, तितकं संथ वाजवणं मोठ्यांनाही पेलत नाही. कॅटलॉगमध्ये ‘संथ, म्हणून सोपं’ असं सुचवलेलं दिसलं की मी पान उलटतो.

पुढच्या वर्षी ‘सो व्हॉट’ घेतलं, माइल्स डेव्हिसचं, 1959 चं. बास प्रश्न विचारतो आणि सगळा बँड दोनच आघातांत उत्तर देतो. मुलं खूश होती. पण तिथे आठ-आठ बार एकाच सुरावळीवर राहायचं, मग अर्धा स्वर वर, मग परत खाली. साथ इतका वेळ स्थिर असते, की आपण कुठे आहोत हे कळायला खूणच नाही. खिडकी नाही, दार नाही. स्वर सोपे आणि वाट अवघड. नवशिक्यांना मी आता आधी ब्लूजच देतो, कारण त्यात हरवलेल्याला साथ हात धरून घरी आणते.

आता कागद हातात आला की मी शेवटच्या ट्रंपेटचा आणि दुसऱ्या ट्रॉम्बोनचा आधी वाचतो. त्या मुलाला निदान एकदा तरी मूळ धून वाजवायला मिळते का? मिळत नसेल तर मी ती लिहून देतो. मग पट्टी पाहतो. ट्रंपेट, टेनर आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटची, ऑल्टो ई फ्लॅटचा. गाणं बी फ्लॅट किंवा एफमध्ये असलं की सगळ्यांनाच सोयीचं पडतं. सुरुवातीच्या बँडसाठी मुद्दाम रचलेले तुकडे मी फारसे घेत नाही. ते नेमके बसतात, उंची बेतशीर, मोजमाप चोख. पण त्यांची अशी रेकॉर्ड नसते, की जी मूल रात्री पांघरुणात पुन्हा लावेल. बेसी आहेत, एलिंग्टन आहेत, मिल्ट जॅक्सन आहेत. हे संगीत ज्या कृष्णवर्णीय समाजाने घडवलं, शेतांतल्या कष्टाच्या गाण्यांतून, चर्चमधल्या एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं या रीतीतून, त्या समाजातली मुलं माझ्या बँडमध्ये बसलेली असतात. त्यांना त्यांचंच संगीत नकली करून देणं मला चुकीचं वाटतं.

त्या पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात ‘सी जॅम ब्लूज’ झालं. ज्याला हवं त्याला बारा बार एकट्याने वाजवायचे होते, अट एकच, तेच दोन सूर वापरायचे. ट्रॉम्बोनवरची ती मुलगी हात वर करेल असं मला वाटलं नव्हतं. तालमीत तिने कधी केलाही नव्हता. कार्यक्रमात टेनरचं झालं आणि ती उभी राहिली. पहिले दोन बार काहीच नाही. ड्रम्स चालू, बास चालतोय. मग एक पंचम. थांबली. पुन्हा तोच, जरा उशिरा. खिडकीचे बार आले तेव्हा तिने खांदे किंचित खिडकीच्या बाजूला वळवले, हे मला दिसलं; त्या सभागृहात खिडकी नव्हती. शेवटच्या बारात षड्ज घेतला आणि खाली बसली. बारा बारांत मोजून सात सूर.

आई उन्हाळ्यात आमच्याकडे असते. गेल्या ऑगस्टमध्ये ती टेबलाशी मेथी निवडत होती आणि समोर माझे कागद पसरलेले.

“ह्या वर्षी काय रे?”

मी नवशिक्यांसाठीचा एक तुकडा गाऊन दाखवला. “परत म्हण,” म्हणाली. परत म्हटला. तिने सुरुवात धरली आणि मध्येच सोडली. तिसऱ्यांदा तेच. मग सनी रोलिन्सचं ‘सनीमून फॉर टू’ म्हटलं, वरच्या षड्जावरून पायऱ्या उतरत यावं तसं खाली येणारं. तिने मान हलवली.

“हा धानीसारखा लागतोय.” आणि देठ खुडत खुडत ती अख्खी ओळ म्हणून गेली, कोमल गंधार जिथल्या तिथे.

तो गंधार बी फ्लॅटच्या पट्टीत ट्रॉम्बोनवर पाचव्या पोझिशनला येतो, स्लाइड बरीच लांब सोडावी लागते. यंदा ट्रॉम्बोनवर येणारा मुलगा चणीने लहान आहे. त्याचा हात तिथवर पोचतो का, एवढं सप्टेंबरमध्ये बघायचं होतं. मी मागणी नोंदवली आणि आईने पुढची जुडी सोडली.