चिंचोक्यांची पुंजी

कोजागिरीच्या रात्री दूध आटेपर्यंत पत्ते खेळावयाचे, ही आमच्या अमळनेरच्या घराची जुनी रीत आहे. पैशाचा जुगार या घरात कधी शिरला नाही; खेळ चालतो तो चिंचोक्यांवर. यंदा पुण्याहून आलेल्या पुतण्याने तीनपत्तीऐवजी पोकर मांडला आणि त्या निमित्ताने घरातील एका जुन्या हळहळीचा उलगडा झाला. तो वाचकांस सांगावासा वाटतो.

हातातील पाने चांगली असली की पुढे जावे, वाईट असली की टाकून द्यावीत, अशी आमची समजूत. पुतण्या म्हणाला, "काका, नुसती पाने पाहू नका. मध्ये रास किती आहे आणि तुमच्यापुढे पुंजी किती उरली आहे, ते आधी पाहा." पुंजीस राशीने भागून येणाऱ्या या प्रमाणाचा सविस्तर ऊहापोह फ्लिन, मेहता व मिलर या त्रयीने २००७ सालच्या आपल्या ग्रंथात केला आहे. हिशेब साधा आहे. मध्ये ६० चिंचोके, आमच्यापुढे ४०, हातात राजांची जोडी. चाळीसही लावले व प्रतिपक्षाने तेवढेच घातले, तर १४० ची रास होते. म्हणजे सातांपैकी दोन वेळा जिंकलो तरी नुकसान नाही. येथे माघार घेणे हाच तोटा. परंतु तीच जोडी, तीच ६० ची रास आणि उभयतांपुढे नऊनऊशे चिंचोके असतील तर? साठांसाठी नऊशे पुढे लोटले, तर त्यास उत्तर देणारा बहुधा आमच्याहून वरचढ पाने असलेलाच निघावयाचा. पाने तीच, निर्णय मात्र उलटा.

खेळता खेळता गोष्ट निघाली ती शेअरांची. १९४५ साली मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी अमळनेरास वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. आमच्या आजोबांनी शिक्षकाच्या पगारातून तिचे थोडे शेअर घेतले आणि काही वर्षांतच आत्याच्या लग्नासाठी ते विकून टाकले. गावात ज्यांनी ते ट्रंकेत तसेच राहू दिले, त्यांच्या वारसांचे भाग्य फळफळले. आमच्या घरी मात्र प्रत्येक दिवाळीस "आजोबा चुकले" हे पालुपद ठरलेले.

पुतण्याने त्या रात्रीही ते आळविले व लागलीच पुढे म्हणाला, "म्हणूनच बाबांच्या निवृत्तीची सगळी रक्कम शेअरांत घालावी म्हणतो. पणजोबांची चूक पुन्हा नको." आमचे बंधू काही बोलले नाहीत, पत्ते पिसीत राहिले.

तेव्हा आम्ही त्याचीच युक्ती त्याच्यापुढे ठेवली. "बाळ, आजोबांच्या डावात मध्ये काय होते? ठरलेले लग्न, दिलेला शब्द आणि त्यापायी गहाण पडलेले घर. जवळ उरले होते ते चार कागद. रास मोठी, पुंजी लहान. त्यांनी ती लावली; तुझ्या हिशेबाने दुसरे काय करावयास हवे होते? आता तुझ्या वडिलांपुढे पस्तीस वर्षांच्या नोकरीची पुंजी आहे आणि मध्ये आहे थोड्या जादा मिळकतीची आशा. साठांसाठी नऊशे लोटावयाचे? तुला दरमहा नवे चिंचोके मिळतात. त्यांना ते पुन्हा कोणी वाटणार नाही."

पुतण्या बराच वेळ समोरचे चिंचोके मोजीत बसला. मग म्हणाला, "बाबा, किती राखायचे आणि किती घालायचे, ते तुम्हीच सांगा." बंधूंनी "सकाळी बोलू" एवढेच म्हटले आणि दुधाचे पातेले उतरविण्यास ते उठले.

आजोबांवरील आरोप मात्र आम्ही त्या रात्रीच मागे घेतला. डाव संपल्यावर पाने उलटी करून शहाणपण सांगणे फार सोपे असते. इतकी वर्षे आम्ही त्यांची पानेच पाहत आलो. त्यांच्यापुढे चिंचोके किती उरले होते, ते मोजावयाचे राहूनच गेले होते.