पाट्याखालची ओरल

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी चक्क नाही म्हणाले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात. मराठी बोलते घडाघडा, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाशी भांडण! तरी ही गोष्ट इंग्रजीत सांगताच येईना, कारण ती घडली मराठीत. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. पप्पांची पिकअप आहे. नारायणगावला टोमॅटो भरायचे, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि वाशी मार्केट गाठायचं. याच गाडीवर माझं कॉन्व्हेंट झालं, याच गाडीवर हॉस्टेल चाललंय. एका संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसले होते. स्पीडब्रेकर आला की मागून 'खट्'. ब्रेक मारला की 'खट्'. वळणावर तर मागचा भाग किंचित सरकल्यासारखा वाटला.

"पप्पा, काय वाजतंय?"

"पाट्याचे बुश गेलेत. करू पुढच्या महिन्यात."

पाटा म्हणजे लीफ स्प्रिंग, हे कळायला मला पुढचा स्पीडब्रेकर यावा लागला! आणि याच लीफ स्प्रिंगवर ओरलला मी धडाधड उत्तर दिलं होतं. भार आला की पाटा सपाट होतो, त्याची टोकं लांब जातात, म्हणून मागच्या टोकाला झुलणारा शॅकल. टोकांच्या डोळ्यांत रबरी बुश. सर खूश!

दुसऱ्या दिवशी हट्टाने पप्पांना मिस्त्रीकाकांकडे नेलं. काकांनी डोळ्यापाशी टॉमी घालून रेटली, तर बोल्ट आत चक्क हलत होता. रबर एका बाजूने पार झिजलेलं. चासी घोडीवर घेतली, एक्सलखाली जॅक लावला आणि खरी परीक्षा सुरू झाली. पुढचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसलेला. डिझेल सोडलं, चहा झाला, घण पडले, तेव्हा कुठे सुटला. जुना बुश काढायला आपल्या वर्कशॉपसारखा प्रेस नव्हता. एक लांब बोल्ट, पाइपचा तुकडा आणि नट. नट आवळत गेलो तसा बुश बाहेर सरकला.

मागच्या शॅकलला रबराचे सुटे बुश होते. मी ऐटीत ग्रीसचा डबा पुढे केला. काका हसले. "ग्रीस निप्पलवाल्या गनमेटल बुशला. रबराला लावलं तर ते फुगतं. साबणाचं पाणी आण."

सगळे बोल्ट बसल्यावर मी पाना घेऊन जोर लावायला लागले, तोच काका ओरडले, "थांब पोरी! आधी गाडी खाली घे."

"का?"

"आत्ता पाटा लोंबतोय. आत्ताच आवळलास तर रबर इथंच धरलं जाईल. चाकं टेकली की ते कायमचं पिळलेलं राहील. लवकर फाटेल."

डोक्यात एकदम ट्यूब पेटली. हा बुश घसरत नाही, पिळतो! आतली नळी बोल्टने घट्ट, बाहेरची बाजू डोळ्यात घट्ट, मधलं रबर वळतं. टॉर्शनची कितीतरी गणितं मी सोडवली होती, पण कुठल्या उंचीला बोल्ट आवळायचा हे एकाही गणितात नव्हतं. चाकं टेकवली, गाडी चार वेळा दाबून हलवली आणि मगच आवळलं.

परत येताना स्पीडब्रेकर आला. आवाज नाही! बुशची किंमत मी ऐकली होती. आपल्या मेसच्या बिलापुढे काहीच नाही. मी रागावूनच विचारलं, "मग इतके महिने का थांबलात?"

"बुश स्वस्तच असतो गं. पण सीझनमध्ये गाडी दिवसभर उभी राहिली तर एक खेप बुडते. तुझी फी भरायची होती ना."

मला काही बोलता येईना. म्हणजे सगळा पावसाळा हे त्या 'खट्'सकट माळशेज उतरत होते, आणि मी इथून फोन करून विचारत होते, "पप्पा, पैसे टाकले का?"

आता फोन केला की आधी विचारते, "गाडी वाजत नाही ना?"

"नाही वाजत," पप्पा म्हणतात, "तू अभ्यास कर."